डोळ्यांखालच्या पिशव्या आणि तो ‘अर्ध्या तासाचा’ मेसेज

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: डोळ्यांखालच्या पिशव्या काढणं हे नुसतं कातडीचं काम आहे, अर्ध्या तासात उरकतं, तपासण्या लागत नाहीत. चालू गोळ्या चार दिवस आधी सगळ्या बंद करायच्या, आयुर्वेदिक काही असेल तर मात्र चालू ठेवायचं. सिगारेट ओढत नसाल तर काळजी नाही. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको. काळी वर्तुळंही त्यातच जातात. संध्याकाळच्या गाडीनं घरी, आणि आठवड्यात लग्नाला हजर.

यातलं बरंचसं चूक आहे. जे अर्धवट खरं आहे ते जास्त घातक, कारण ते पटतं.

नुसतं कातडीचं काम, तपासण्या कशाला?

पिशवी दिसते ती मुख्यतः चरबीची. हाडाच्या खोबणीत डोळा चरबीच्या गादीवर बसलेला असतो. वयानं पुढचा पातळ पडदा सैल झाला की ती गादी पुढं डोकावते. खालच्या पापणीत या चरबीचे तीन कप्पे असतात: नाकाकडचा, मधला आणि कानाकडचा. पहिल्या दोहोंच्या मधून डोळा फिरवणारा एक छोटा स्नायू जातो. त्याला इजा झाली तर एकाच्या जागी दोन दिसू लागतात. हे ‘कातडीचं काम’ कुठवर पोचतं ते यावरून ध्यानात यावं.

खरी भीती रक्तस्रावाची. पुढं आलेली चरबी मागच्या चरबीशी जोडलेली असते. तिच्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी तुटून मागं सरकली आणि आत वाहत राहिली, तर त्या रक्ताला जायला जागा नसते, कारण खोबणीला बाकी सगळीकडून हाड आहे. दाब वाढतो, डोळ्याचा रक्तपुरवठा अडतो, आणि साधारण दीड तासाच्या पुढं दृष्टिपटल ते सोसत नाही. असा रक्तस्राव दुर्मीळ आहे, सुमारे दोन हजार शस्त्रक्रियांत एकदा असं ढोबळ प्रमाण सांगितलं जातं, आणि कायमची दृष्टी जाणं त्याहून कितीतरी दुर्मीळ. पण गोळ्या, बीपी, खोकला, पहिल्या रात्रीचा मुक्काम, या सगळ्या तयारीचं मूळ इथंच आहे.

दुसऱ्या तपासण्या पापणीच्या आणि डोळ्याच्या. खालची पापणी चिमटीत धरून पुढं ओढतात आणि सोडतात. ती उघडझाप न करता लगेच जागेवर बसली पाहिजे. डोळ्यापासून सहा-आठ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढं येत असेल तर ती सैल आहे, आणि साठीपुढं हे बऱ्याच जणांत असतं. अशा पापणीची नुसती चरबी-कातडी काढली तर व्रण आवळताना ती खाली ओढली जाते, बुबुळाखाली पांढरा भाग दिसू लागतो, डोळा पुरता मिटत नाही. मग कडेचा आधार त्याच वेळी घट्ट करावा लागतो, म्हणजे शस्त्रक्रियाच बदलते. बाजूनं पाहिल्यावर गालाचं हाड डोळ्याच्या मागं राहत असेल, म्हणजे डोळे ठळक आणि गाल सपाट असतील, तर धोका आणखी वाढतो.

डोळ्याचा कोरडेपणा पाहायला पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवतात. ती 10 मिलिमीटरच्या पुढं भिजली तर ठीक, पाचच्या आत राहिली तर डोळा नक्की कोरडा. रोज सेटिरिझीन घेणाऱ्यांचे, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांचे, पाळी थांबलेल्या बायकांचे डोळे कोरडे असण्याची शक्यता जास्त. चष्मा घालवायची लेसर शस्त्रक्रिया झाली असेल तर निदान सहा महिने थांबायला सांगतात. थायरॉइडमुळं डोळे बाहेर आले असतील तर आधी तो आजार शांत होऊन काही महिने जावे लागतात. डोळ्याखाली फिलर, म्हणजे खड्डा भरायचं इंजेक्शन, घेतलं असेल तर तेही सांगायचं. पार्लरमध्ये घेतलंय म्हणून लपवण्यात काही अर्थ नाही, ते आधी विरघळवावं लागू शकतं.

रक्ताच्या तपासण्यांत शुगर असणाऱ्यांनी तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए1सी, बघायची. हिमोग्लोबिन, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) हेही पाहतात. दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं नव्हतं, अशी आठवण असेल तर आवर्जून सांगा. दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी तपासून कागदावर लिहिलेली असलीच पाहिजे. नंतर ‘कमी दिसतंय’ म्हटलं तर आधी किती दिसत होतं ते कुणाला तरी ठाऊक हवं ना!

चालू गोळ्या चार दिवस आधी सगळ्या बंद

मेसेजमधलं सगळ्यांत घातक वाक्य हेच. दोन्ही बाजूंनी चूक आहे.

अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट कायमच्या निकामी करतं, नव्या तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून नुसतं खबरदारीसाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याला सात ते दहा दिवस आधी थांबवतात, चार पुरत नाहीत. पण हृदयात स्टेंट बसवलेला असेल, पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, कृत्रिम झडप असेल, तर स्वतःच्या मनानं एक दिवससुद्धा गोळी सोडायची नाही. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जाऊ शकतो. ज्यांना स्टेंट बसवून वर्ष झालं नाही त्यांनी सौंदर्याची शस्त्रक्रिया सरळ पुढं ढकलावी. पिशव्या कुठं पळून जात नाहीत. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे रक्त पातळ करणारं औषध कधी थांबवायचं, थांबवायचं की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी आणायचं.

अ‍ॅस्पिरिन लपूनही बसलेलं असतं. डोकं दुखलं की घेतो ती डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच. कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या नावापुढं ‘गोल्ड’ असलं तर बहुधा त्यात अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही असतात. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, व्होव्हेरान यांनीही रक्त जास्त वाहतं. दुखलंच तर साधं पॅरासिटामॉल. नावं तोंडपाठ म्हणायला जाऊ नका, घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या.

बीपीची गोळी तर बंद करायचीच नसते. भूल देताना लायडोकेनबरोबर अ‍ॅड्रिनलिन टोचतात, त्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि जागा कोरडी दिसते. काही तासांनी तो परिणाम उतरतो, वाहिन्या उघडतात. नेमकं त्याच वेळी सकाळची गोळी चुकल्यामुळं बीपी चढलेलं असेल आणि खोकल्याची उबळ आली, तर सकाळी कोरडी वाटलेली जागा रात्री वाहू लागते. म्हणून बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. पूर्ण भूल असेल तर टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळीबद्दल भूलतज्ज्ञ वेगळं सांगू शकतात. शुगरची गोळी मात्र उपाशीपोटी सहसा वगळतात, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी असेल तर निदान तीन दिवस आधीच थांबवतात. म्हणजे एकाच घरातल्या तीन गोळ्यांना तीन वेगळे नियम. ‘सगळ्या बंद’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसतं.

आयुर्वेदिक चालू ठेवा

जेवणातली लसूण-हळद सोडायची गरज नाही. कॅप्सूलमधला अर्क ही वेगळी गोष्ट आहे. लसूण, हळदीचा अर्क, जिन्को, जिनसेंग, माशाचं तेल, व्हिटॅमिन ई, या गोष्टी दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. एखाद्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नसेल, तर ती पुडी आधी बंद.

सिगारेट ओढत नाही, मग झालं

या भागात हे वाक्य फारच फसवं आहे. प्रश्न धुराचा नाही, निकोटिनचा आहे. ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं, मग पातळ कातडीची कड काळी पडते, जखम उशिरा भरते. ते हिरड्यांवाटेही जातं. मिसरी लावणाऱ्या बाईला डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर ती ‘नाही’ म्हणते, आणि ते खोटं नसतं. तिच्या लेखी मिसरी दात घासायची असते. त्यामुळं मिसरी, गुटखा, तंबाखू-चुना, विडी, सगळं नावानिशी सांगा आणि चार आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत बंद ठेवा. निकोटिनच्या च्युइंगगमनं हे साधत नाही, त्यातही निकोटिनच असतं. निपाणी-चिकोडीकडं तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळायचं काम करणाऱ्यांच्या अंगात धुळीतून आणि कातडीतूनही निकोटिन जातं. त्यांनी आपलं काम काय ते सांगावं, जमलं तर आधीपासून रजा टाकावी.

पाण्याचा थेंबही नको

जड, तेलकट जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम आहे. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, त्यालाही सहा तास. सकाळी सहाला ‘नुसता कपभर’ चहा पिऊन आठला टेबलावर जायचं म्हटलं तर शस्त्रक्रिया रद्द होते. रात्रभर कोरडं राहून डोकं दुखतं, कुणाच्याच फायद्याचं नाही. नुसती जागेवरची भूल असेल तर काही डॉक्टर हलका नाश्ताही चालवतात, विचारून घ्या.

त्या दिवशी काजळ, सुरमा, मस्कारा, कॉन्टॅक्ट लेन्स नको. नेलपॉलिश काढा, बोटाला लावायच्या यंत्राला अडथळा होतो. डोक्यातून घालायचा कुर्ता नको, पुढं बटणं असलेलं काही घाला. नथ, मंगळसूत्र घरीच.

काळी वर्तुळंही जातात

आधी काळं कशानं दिसतंय ते बघा. आरशासमोर उभं राहून हनुवटी न हलवता डोळे वर न्या. फुगवटा वाढला तर चरबी. उजेड समोरून चेहऱ्यावर पाडल्यावर काळपट भाग निघून गेला तर ती पिशवीची सावली होती, शस्त्रक्रियेनं ती कमी होईल. कुठल्याही उजेडात तसाच राहिला, कातडी ताणली तरी राहिला, तर तो कातडीचा रंग आहे, सुरीनं जात नाही. उलट चरबी जास्त काढली तर खड्डा पडतो आणि सावली आणखी गडद होते. म्हणूनच हल्ली बरेच सर्जन चरबी काढून टाकण्यापेक्षा तीच खालच्या खाचेत पसरवतात.

फुगवटा सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असेल तर ते पाणी आहे. रात्रीचं लोणचं-पापड, झोप, अ‍ॅलर्जी, कधी थायरॉइड किंवा मूत्रपिंड. आणि गालाच्या हाडावर लोंबणारी वेगळी घडी असेल तर ती या शस्त्रक्रियेनं जातच नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एक साधा फोटो बरोबर न्या, त्यावरून काय बदललंय ते डॉक्टरांना लगेच कळतं.

खर्च आणि कागद

मेसेज यावर गप्प आहे. निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात बसत नाही आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. सांगितलेला आकडा जीएसटीसह आहे का ते विचारा. कर्नाटकात खासगी दवाखान्याला 2007 च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी लावावं लागतं, ते बघून घ्या. संमतिपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत पुढं आलं तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 सालीच सांगून ठेवलंय.

आठवड्यात लग्नाला हजर

बाहेरून छेद असेल तर टाके पाच ते सात दिवसांनी निघतात. निळेपणा दहा-चौदा दिवस राहतो, काहींचा गालापर्यंत उतरतो. दोन आठवडे वाकायचं नाही, पाच किलोच्या वर उचलायचं नाही, आणि लग्नात तर येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या पाया पडायचं असतं. घरचं कार्य असेल तर निदान सहा आठवड्यांचं अंतर ठेवा. पापणीचा शेवटचा आकार तीन ते सहा महिन्यांनी बसतो.

संध्याकाळच्या गाडीनं घरी

रक्तस्रावाचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वांत जास्त. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसानं संध्याकाळी वडाप धरून घर गाठलं आणि रात्री अकराला डोळा फुगू लागला, तर परत बेळगावला येईपर्यंत तो दीड तास संपलेला असतो. कोल्हापूरला शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी शंभरावर किलोमीटर परत येणाऱ्यांचंही तेच. पहिली रात्र दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडं काढा, सोबत जागा राहणारा एक माणूस ठेवा, आणि डॉक्टरांचा रात्री उचलला जाणारा नंबर आधीच फिरवून बघा.

दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवायचं. बर्फ थेट नाही, कपड्यात गुंडाळून, जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटं, असे दोन दिवस. बद्धकोष्ठ असेल तर आधीच औषध घ्या, कुंथल्यानं दाब वाढतो. डोळे पट्टीनं झाकून ठेवायचे नसतात, नजर तपासता आली पाहिजे. सोबतच्यानं दर तासाला एक डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ वाचायला सांगायचं, मग दुसरा. दोन्हीकडं थोडी सूज असणारच. पण एकाच बाजूला वाढत जाणारी कळ, दगडासारखी घट्ट पापणी, पुढं आलेला डोळा, अंधुक होत जाणारी नजर, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, गोळी देऊन झोपवायचं नाही. फोन लावत लावतच निघायचं.