पाणी खड्ड्यात

बार्शीबाहेर प्लॉट घेतला तेव्हा हिनं कागदावर आधी तुळशीवृंदावन काढलं, मग त्याच्या आजूबाजूला घर. माझ्या वाट्याला आला शोषखड्डा. इकडे ड्रेनेजची लाइन नाही, त्यामुळे सेप्टिक टँक आलाच आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणंही आलं.

गवंडी म्हणाला, "सगळ्यांनी मारलाय तसा मारू की एक खड्डा." पण माझी ३२ वर्षं बँकेत गेलेली, तारण तपासल्याशिवाय सही होत नाही. आयएस २४७० हे भारतीय मानक मिळवून वाचून काढलं. वीतभर रुंदीचं भोक खणायचं, तळाशी दोन इंच खडी, वर फूटभर पाणी, आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी खडीच्या वर सहा इंच पाणी ठेवून दर अर्ध्या तासाला किती उतरलं ते मोजायचं. २५ मिलीमीटर उतरायला ३० मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर तिथं शोषखड्डा नको.

महिना मात्र मे. टँकरच्या रांगेत कळश्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या डोळ्यांदेखत मी बादलीभर पाणी जमिनीत ओतलं.

"काका, झाड कुठंय?"

"झाड नाही हो. पाणी किती मुरतंय बघतोय."

बाई काही बोलल्या नाहीत. फक्त कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

पाणी गडप! दुसरी बादली, तिसरी, तीही गडप. मी हरखलो. गवंडी तंबाखू मळत होता. "काळी हाय ती साहेब. भेगातनं जातंय. फुगू द्या तिला, मग बघा." भेगा खऱ्याच होत्या, सकाळीच पोरांचा चेंडू एकीत अडकला होता.

रात्री राखणीला बसावं लागलं, कारण उन्हाळ्यात तहानलेल्या कुत्र्याला भारतीय मानक ठाऊक नसतं. दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा माझाच डोळा लागला.

सकाळी नातवाची स्टीलची पट्टी भोकात उभी केली आणि पालथा पडून डोळा लावला. माती रात्रीत फुगून भेगा मिटलेल्या, पाणी विटेवरच्या विठोबासारखं ढिम्म. एक मुंगळा पोहत पट्टीपर्यंत आला, १४ च्या खुणेवर चढला, वाळला आणि निघून गेला, पाणी तिथंच. चार तास असा पडून राहिलो. शेवटच्या अर्ध्या तासात ३ मिलीमीटर. म्हणजे २५ ला चार तासांच्या वर! येणाजाणाऱ्यांपैकी एकानं मासे सोडलेत का म्हणून विचारलं.

"मुरमात घ्या की," गवंडी म्हणाला. "सात फुटावर लागतोय. शेजारच्या बोरला मीच हुतो."

हे काल का नाही सांगितलंस? "तुमी पुस्तक वाचत हुता."

सात फूट खणलं. शिडीवरून उतरून तळाशी पुन्हा तेच भोक, तीच खडी, तीच पट्टी. ८ मिनिटांत २५ मिलीमीटर! मी खालून ओरडलोच. आणि ओरडताना 'बोर' हा शब्द आठवला. मानकात लिहिलेलं, शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब हवा, घरापासून ६ मीटर.

टेप धरला. शेजारच्या बोरपासून हा खड्डा ११ मीटरवर. तो बुजवला. मग बोर आणि घर, दोन्हींकडून अंतर राखत आम्ही प्लॉटभर मागं मागं सरकत गेलो. जागा एकच उरली. तिथं हिनं कुंकू लावून खुंटी रोवलेली होती.

गवंड्यानं तंबाखू थुंकली, आधी खुंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाईसाहेबांना तुमी सांगा. मी मिस्तरी हाय."