जुना ट्रक आणि हलकी मशीन एका तराजूत घालू नका

पावसाळा तोंडावर आला की झाडं छाटणाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर चेनसॉबद्दलचा, म्हणजे झाड कापायच्या इंजिनवाल्या करवतीबद्दलचा, एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला सात ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: 'झाडाच्या धंद्यात महागड्या चेनसॉवर पैसे घालू नका, नुसतं नाव विकतात. ५८ सीसीची चायना मशीन सहा-सात हजारांत येते, ४५ सीसीच्या कंपनीच्या मशीनपेक्षा तिच्यात दम जास्त. एका भारी मशीनच्या पैशांत पाच येतात, बिघडली की फेका. चेनला जळालेलं ऑइल चालतं. चेन ब्रेक सगळ्यांनाच असतो. पटत नसेल तर जुन्या ट्रकांकडे बघा, वीस-वीस वर्षांच्या गाड्यांवर लोकांनी घरं बांधली. जुन्यात जसा धंदा होतो तसा स्वस्तातही होतो.'

मी अमळनेर तालुक्यातला. सोळा वर्षं झाली, झाडं छाटणं आणि वादळात पडलेली झाडं हलवणं हेच काम करतो. २००६ची टाटा ४०७ मालगाडी आहे, तीन चेनसॉ आहेत, सोबत चार माणसं आहेत. मेसेजमध्ये सांगितलेल्या दोन्ही प्रकारच्या मशिनी मी स्वतःच्या पैशाने घेऊन चालवल्या आहेत. हा मेसेज वाचून नवी पोरं उसनवारीचे पैसे घालतात आणि काही जण हातपाय कापून घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण बाकीची सगळी चूक तिथून निघते. 'जुन्यात जसा धंदा होतो तसा स्वस्तातही होतो.' जुनं वेगळं आणि हलकं वेगळं. माझी ४०७ आज जुनी आहे, पण बनली तेव्हा ती धंद्याचीच गाडी म्हणून बनली होती. टाटांनी हे मॉडेल १९८६ साली आणलं आणि माल वाहण्यासाठीच आणलं. तिचं चॅसिस, पाटे, गिअरपेटी सगळं ओझं गृहीत धरून केलेलं. वीस वर्षांत रंग उडाला, फाळके दोनदा बदलले, इंजिन एकदा उतरवलं. मूळ हाड मात्र तेच आहे. सहा हजारांची चेनसॉ पेटीतून कोरी करकरीत निघते, पण धंद्याचं हाड तिच्यात पहिल्या दिवसापासून नसतं. जुन्या ट्रकची जोड लावायचीच असेल तर ती जुन्या, वापरलेल्या पण व्यावसायिक चेनसॉशी लावा. मग मी लगेच हो म्हणेन.

जुन्या ट्रकबद्दल मेसेज बरोबर बोलतो, आणि ते का बरोबर आहे हेही सांगायला हवं. आपलं काम आहे वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतलं. सकाळी जायचं, दिवसभर गाडी झाडाखाली उभी, संध्याकाळी भरून वखारीवर यायचं. अशा कामाला बँकेच्या हप्त्याची नवी गाडी परवडत नाही. आणि खान्देशात जुन्या गाडीला आधार आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे पाटे ठोकणाऱ्यापासून डिझेल पंप बांधणाऱ्यापर्यंत सगळे कारागीर हाताशी आहेत. माझ्या गाडीचा पंप साधा, यांत्रिक आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम आले, त्या गाड्यांचा धूर कमी आहे ही चांगलीच गोष्ट, पण शेतात बंद पडली तर स्कॅनरवाल्याची वाट पाहावी लागते. माझी गाडी पान्यावर सुरू होते.

दुसऱ्या बाजूने काही जण घाबरवतात, की पंधरा वर्षांवरची गाडी आता भंगारातच जाणार. तेही खरं नाही. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरची बंदी दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागापुरती होती, ती आपल्या एमएच १८, १९ किंवा ३९ ला, म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबारच्या गाड्यांना लागू नाही. आपल्याकडे आठ वर्षांवरच्या मालगाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं आणि राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. पंधरा वर्षं ओलांडली की पासिंगची फी २०२२ पासून कित्येक पटींनी वाढली आहे. जुनी गाडी घेताना हा खर्च किमतीत धरा. बाकी फी भरली आणि गाडी तपासणीत पास झाली तर ती रस्त्यावर चालते.

पास होण्यासारखी ठेवणं मात्र आपल्या हातात. ओल्या लाकडाचं वजन फसवतं. एक मीटर व्यासाचा, दोन मीटर लांबीचा कडुनिंबाचा ओला ओंडका दीड टनाच्या आसपास भरतो. असे दोन ओंडके चढवले की ४०७ची सव्वादोन टनांच्या आसपासची ताकद कधीच संपलेली असते. जुन्या गाडीत पाट्यांच्या हँगरजवळ चॅसिसला बारीक चीर जाते, रंगाखाली ती दिसत नाही. मी दर महिन्याला ब्रशने चिखल काढून तिथे बोट फिरवतो. ब्रेक लायनरच्या बाबतीत तर एक रुपयाही वाचवत नाही.

आता सीसी. '५८ सीसी म्हणजे ४५ पेक्षा दम जास्त.' सीसी हे सिलिंडरचं माप झालं, दम किलोवॅटमध्ये मोजतात. श्टिल कंपनीची एमएस २५० मशीन ४५.४ सीसीची आहे आणि २.३ किलोवॅट देते. ५८ सीसीच्या बहुतेक पेट्यांवर सव्वादोन ते अडीच किलोवॅट लिहिलेलं असतं, म्हणजे तेरा सीसी जास्त असून ताकद जवळपास तेवढीच. वर त्या मशीनला २२ इंची बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पाती, लावून देतात. वाळलेल्या बाभळीत तो बार पूर्ण घातला की चेनचा वेग पडतो, क्लच घसरायला लागतो, धूर निघतो, आणि पोरगा मशीनवर अंग टाकून दाबतो. तिथून सगळं बिघडतं. आणि एक लक्षात घ्या, ती ४५ सीसीचीसुद्धा कंपनीच्या हिशोबात शेतीकामाची मशीन आहे. त्याच कंपनीची व्यावसायिक एमएस ३८२ ७२.२ सीसीची आणि ३.९ किलोवॅटची आहे. जाड बुंध्यात दोघींमधला फरक पहिल्याच कापाला कळतो.

'पाच घ्या, बिघडली की फेका.' या मुद्द्यात थोडं खरं आहे. या ५८ सीसीच्या मशिनी एकमेकींच्या नकला असल्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात आणि स्वस्त मिळतात. पिस्टन-रिंगचा सेट काहीशे रुपयांत येतो. पण आपला खर्च मशीनचा नसतो, थांबलेल्या दिवसाचा असतो.

चार वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट. पांझरेच्या काठावर एका शेतात बाभळी काढत होतो. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो, आणि चेनसॉचं इंजिन पाण्याने नाही, हवेने थंड होतं. स्वस्त मशीन दुसऱ्या टाकीवर होती. आवाज एकदम बारीक, चढा झाला आणि तुटला. पोरगा म्हणाला, "अप्पा, मशीन जाम व्हई गयी." दोरी ओढली तर हलेना. संध्याकाळी मफलर उघडला. पिस्टनवर, धूर निघतो त्या बाजूला, वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे पडलेले आणि ॲल्युमिनियम सिलिंडरला लोण्यासारखं फासलेलं. चार माणसांची मजुरी, उभी गाडी आणि शेतकऱ्याला दिलेला शब्द असं सगळं त्या दिवशी गेलं. सुटा भाग स्वस्त होता, दिवस स्वस्त नव्हता. पाच मशिनी घेतल्या तर असे पाच दिवस विकत घेतले असं समजा.

दोष एकट्या मशीनचा नव्हता, हेही सांगतो. कंपनीच्या चांगल्या ऑइलला लिटरमागे २० मिली टूटी (पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) पुरतं, म्हणून आमच्या पोराने तेच माप साध्या ऑइलला लावलं. त्या मशीनच्या पुस्तकात ४० मिली लिहिलेलं होतं. अर्ध्या ऑइलवर, त्या उन्हात, पिस्टन धरणारच. पण मुद्दा हा की त्याच चुकीचा मार चांगली मशीन थोडा जास्त सोसते. सिलिंडरचा आतला थर, बेअरिंग, कार्बोरेटर, हवेचा फिल्टर यांतच ते पैसे गेलेले असतात. आणि हो, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते हवेतला ओलावा ओढतं. कुठलीही मशीन असो, काम संपलं की टाकी रिकामी करून ठेवा.

'चेनला जळालेलं ऑइल चालतं.' ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे, मीही सहा-सात वर्षं तेच टाकलं. आता टाकत नाही. गाडीच्या इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये धातूची बारीक पूड असते, ती ऑइल पंप आणि बारची खाच खाते. शिवाय ते पातळ झालेलं असतं, बारच्या टोकापर्यंत टिकत नाही. पण पंपापेक्षा मोठी गोष्ट कातडीची आहे. चेनसॉ चालू असताना ते ऑइल फवाऱ्यासारखं उडतं. बाह्या, मान, तोंड सगळ्यावर बसतं, श्वासात जातं. वापरलेलं इंजिन ऑइल वारंवार अंगाला लागलं तर कातडीचा कर्करोग होऊ शकतो, आणि मशिनींच्या पुस्तकांत ते स्पष्ट छापलेलं असतं. लिटरमागे शंभर-दोनशे रुपये वाचवायला आपण आपल्याच माणसाच्या अंगावर ते उडवतो. हा मुद्दा मेसेजमधून काढून टाका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

'चेन ब्रेक सगळ्यांनाच असतो.' चेन ब्रेक म्हणजे फिरती चेन झटक्यात थांबवणारा ब्रेक. तो ढकलायचा पुढचा प्लास्टिकचा पंजा सगळ्यांना असतो, एवढंच खरं. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उलटी उसळते, थेट तोंडाकडे. माणसाला सावरायला जो वेळ लागतो त्याच्या आत सगळं होऊन जातं. म्हणून चांगल्या मशीनचा ब्रेक हात लागायची वाट पाहत नाही, नुसत्या झटक्यानेही बसतो. आपली मशीन कशी आहे ते तपासायला पैसे लागत नाहीत. मशीन बंद ठेवा, ब्रेक सोडलेला असू द्या. एखाद्या खुंटाच्या थोडं वर धरा, पुढचा हात सोडा आणि मागच्या मुठीवर बारचं टोक खुंटावर पडू द्या. आपटताच ब्रेक बसला पाहिजे. मग मशीन जमिनीवर घट्ट धरून सुरू करा, रेस द्या आणि मनगटाने पंजा पुढे ढकला. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. माझ्या दोन स्वस्त मशिनींपैकी एक नवी असताना दोन्ही परीक्षांत पास झाली. तीन महिन्यांनी ब्रेकच्या पट्ट्यात भुसा आणि ऑइल बसलं, आणि चेन थांबायला एवढा वेळ घ्यायला लागली की मी ती त्याच दिवशी बाजूला ठेवली. दुसरीचा ब्रेक खुंटावर कधीच बसला नाही. अशी मशीन घेऊन झाडावर चढलेल्या पोराच्या घरी त्याची आई वाट पाहत असते.

थरथरीबद्दल मेसेजमध्ये काहीच नाही. व्यावसायिक मशीनमध्ये मूठ आणि इंजिन यांच्यात स्प्रिंगा असतात. हलक्या मशीनमध्ये रबराचे तुकडे असतात, ते उन्हात कडक होतात. दिवसभर कापल्यावर भाकर मोडताना बोटांना मुंग्या येतात, थंडीत बोटं पांढरी पडतात. वर्षानुवर्षं तसंच चालवलं तर बोटं पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत.

मग स्वस्त मशीन कोणीच घेऊ नये का? असं मी म्हणत नाही. यावल-रावेरकडच्या शेतकऱ्याला वादळानंतर बांधावरचं पडलेलं झाड कापायचं आहे, वर्षातून चार-पाच वेळा जळण करायचं आहे, तर त्याने तीस हजारांच्या पुढची मशीन कशाला घ्यावी? त्याने छोटी घ्यावी, १६ किंवा १८ इंची बार लावावा, धार ठेवावी, आणि जमिनीवर उभं राहूनच कापावं. धारेवर अर्धं काम आहे. भुसा पिठासारखा पडायला लागला की धार गेली, जाडसर किसासारखा पडला की धार आहे. गोल कानस चेनच्या मापाचीच हवी: ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला ४.८ मिलिमीटर. चुकीच्या कानशीने घासलेली भारी मशीनही सरळ कापत नाही. एक जाता जाता: झाड आपल्या बांधावरचं असलं तरी चिंच, आंबा, मोह, साग, जांभूळ ही झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीचा कागद नसेल तर मशीन कुठलीही असो, गाडी अडकते.

परवा शिरपूरकडच्या एका पोराचा फोन आला. हातात चाळीस हजार आहेत, धंदा सुरू करायचाय, मेसेजप्रमाणे पाच मशिनी घेऊ का म्हणाला. मी म्हटलं, गाडी सध्या भाड्याने घे. मशीन एकच घे, वापरलेली पण व्यावसायिक, आणि उरलेल्या पैशांत हेल्मेट, जाळी, चांगले बूट आणि दोन जादा चेन. मशीन बघताना दोन गोष्टी बघायच्या. स्टार्टरच्या दोरीला धरून ती लटकवायची. दम असेल तर टप्प्याटप्प्याने, अडखळत खाली येते, दम गेला असेल तर सरळ घसरते. आणि मफलर काढून टॉर्च मारायचा, पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर तिथूनच परत यायचं. त्याला दोंडाईच्यात एक मशीन सापडली आहे, रविवारी घेऊन येतोय. मफलरच्या स्क्रूला लागणारी एलनकी मी खोक्यातून काढून ठेवली आहे.