सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की दोन्ही वाया जातात

पाडव्याच्या आधीची झाडलोट सुरू झाली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. अर्धी वाटी खाण्याचा सोडा, अर्धी वाटी व्हिनेगर, एका लिंबाचा रस. फेस आला की मळ निघालाच म्हणून समजा. मोरीची जाळी, एक्झॉस्ट फॅन, कडप्प्याचा ओटा, नळावरचे पांढरे डाग, खिडकीच्या पट्ट्या, सगळ्यांवर हाच उपाय, आणि उरलेलं मिश्रण स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवायचं. वर्षभर ज्या कोपऱ्यांना कुणाचा हात लागत नाही, तिथे लोक यानिमित्ताने वळतात हे चांगलंच आहे. पण या मिश्रणाने ते कोपरे साफ होत नाहीत, आणि त्यातलं व्हिनेगर किंवा लिंबू सोड्यात मिसळण्याआधी नुसतं दगडाला लागलं, तर त्याचं कायमचं नुकसान होतं.

“फेस म्हणजे मळ सुटतोय.” फेस म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइड. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. दोघे भेटले की एकमेकांना मारतात आणि मागे पाणी व सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ उरतं. त्या खारट पाण्यात तेलही विरघळत नाही आणि क्षारही. प्रमाणही बघा. बाजारातलं व्हिनेगर साधारण 4 टक्के आम्लाचं असतं. अर्धी वाटी, म्हणजे 75 मिली व्हिनेगर आणि एका लिंबाचा रस मिळून जेमतेम 6 ग्रॅम सोडा संपवतात. अर्ध्या वाटीत सोडा असतो 70 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे व्हिनेगर आणि लिंबू पूर्ण फुकट गेले, आणि तुम्ही शेवटी ओल्या सोड्यानेच घासत राहिलात. थोडाफार फरक दिसतो तो त्या घासण्याचा.

“तुंबलेली मोरी मोकळी होते.” वायू मोकळ्या वाटेने वर येतो, केसांच्या गुंत्यात शिरत नाही. मोरीत तुंबतं ते केस, साबणाचा चिकटा आणि त्यावर बसलेली माती. हा गाळ हातानेच काढावा लागतो. हातमोजे घाला, नहाणी ट्रॅपची, म्हणजे मोरीच्या तोंडाशी बसवलेल्या पाणी साठवणाऱ्या भांड्याची, जाळी उचला. बऱ्याच ट्रॅपमध्ये खाली एक सुटी वाटी असते, तीही काढा. तार टोकाशी वाकवून आतले केस ओढून घ्या, वाटी आणि कडा जुन्या टूथब्रशने भांड्यांच्या साबणाने घासा, दोन बादल्या कोमट पाणी सोडा. वाटी परत बसवायला विसरू नका. ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं, आणि वाटी नसली की ती अडवणूकच संपते. पाहुण्यांच्या, न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये वास येतो तो बहुतेक वेळा मळामुळे नाही, ट्रॅपमधलं पाणी सुकल्यामुळे. तिथे आठवड्याला तांब्याभर पाणी ओतलं की झालं.

सिंकखालच्या बॉटल ट्रॅपलाही हेच लागू. खाली बादली ठेवा, तळाची वाटी हाताने फिरवून काढा, गाळ झटका, रबरी वॉशर सरळ बसलाय ना ते पाहून पुन्हा आवळा. वॉशर दुमडला की दुसऱ्या दिवशी कपाटात पाणी दिसतं. “वरून उकळतं पाणी ओता” हा सल्लाही टाळा. पीव्हीसीचा पाइप उकळत्या पाण्याने मऊ पडतो आणि सांधे ढिले होतात.

“एक्झॉस्ट फॅनचा चिकटा निघतो.” पात्यांवरचं तेल गरम वाफेत वर्षभर बसून मेणासारखं घट्ट झालेलं असतं. त्याला खाण्याचा सोडा पुरत नाही, व्हिनेगर तर चुकीच्या बाजूचं औषध. तिथे धुण्याचा सोडा हवा. स्विच बंद करा, प्लग नसेल तर एमसीबी (फ्यूजच्या जागचा खटका) पाडा. जाळी आणि पाती काढता येत असतील तर काढा. 1 लिटर कडकडीत गरम पाण्यात 2 मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि 1 छोटा चमचा भांड्यांचं लिक्विड घालून त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग काथ्याने घासा. मोटरला पाण्याचा थेंब लागू देऊ नका, ती फक्त पिळलेल्या फडक्याने पुसा. मात्र ॲल्युमिनियमची पाती किंवा चिमणीची ॲल्युमिनियम जाळी या पाण्यात टाकू नका, काळी पडते. तिला गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड एवढंच, हवं तर दोनदा.

“ओटा आणि मोरीची फरशी चकाचक होते.” हा दावा सगळ्यात महागात पडतो. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याच्या कुळातले दगड, आणि आम्ल चुना खातं. कडप्प्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली तर सकाळी नेमक्या तिच्याच आकाराचा पांढुरका, खरबरीत डाग दिसतो. तो मळ नसतो, झिजलेला दगड असतो. घासून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. मोझॅक टाइलमधल्या संगमरवराच्या खड्यांचंही तेच. अशा दगडाला पातळ साबणपाणी लावा आणि कोरडं पुसून घ्या.

व्हिनेगर जिथे खरंच कामाचं आहे ती जागा म्हणजे नळ आणि शॉवरवरचे बोअरच्या पाण्याचे क्षार, आणि तिथे सोडा घालून ते मारू नये. नुसतं व्हिनेगर पिशवीत घ्या, शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी पिशवी बांधा, अर्ध्या-पाऊण तासाने काढून भोकं टूथब्रशने घासा, धुऊन टाका. किराणा दुकानातलं लिंबूसत्व स्वस्त पडतं: अर्धा लिटर कोमट पाण्यात 1 मोठा चमचा. सोनेरी मुलाम्याच्या नळांना दोन्ही लावू नका.

“उरलेलं मिश्रण बाटलीत भरून ठेवा.” नको. फेस पूर्ण थांबलेला नसेल तर बंद बाटलीत वायू कोंडतो आणि बाटली फुटू शकते. थांबला असेल तर आत सोडा कालवलेलं मिठाचं पाणी आहे. काही फॉरवर्डमध्ये “आणखी जोर हवा तर ब्लीचिंग पावडर घाला” असंही असतं. ते वाचून कुणी करून पाहू नये म्हणून स्पष्ट लिहितो: ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. चुकून मिसळलं गेलंच तर लगेच बाहेर पडा, दार-खिडक्या उघड्या राहू द्या, वास जाईपर्यंत आत जाऊ नका.

“सरकत्या खिडकीच्या पट्टीत ओतलं की माती वर येते.” वर येते आणि चिखल होऊन कोपऱ्यात बसते. आधी कोरडी माती काढा: रंगाचा जुना ब्रश, मग व्हॅक्यूम किंवा अरुंद सुपली. मग ओलं फडकं उलथन्याला गुंडाळून खाचेतून ओढा. आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे बाहेरच्या बाजूला, पट्टीच्या तळाशी असलेली छोटी भोकं. पावसाचं पाणी बाहेर जायला ती ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की जूनमध्ये पाणी पट्टीत साचतं, आत ओघळतं आणि खिडकीखालच्या भिंतीला पोपडे येतात. बारीक तारेने ती मोकळी करा, मग पट्टीत पेलाभर पाणी ओता. पाणी बाहेरच्या बाजूने ठिबकायला लागलं की ती खिडकी झाली.