एका आयआरक्यूसाठी किती नाकदुऱ्या?

जुना ४८६ पीसी नेटवर्कला जोडायचाय, बस्स. चंद्रावर यान नाही पाठवायचं! पण नेटवर्क कार्ड विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘एनई२००० कंपॅटिबल आहे, त्या नावाजलेल्या जुन्या कार्डासारखंच, कुठंही चालेल.’ कुठंही म्हणजे नक्की कुठं हो? कार्डाचा पत्ता ३००, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ३. आणि ३ वर कॉम २ हे सिरियल पोर्ट आधीच ठाण मांडून बसलेलं. बरं, ५ देऊ? तिथं साउंड कार्ड. ७? तिथं प्रिंटर. सगळे जुने भाडेकरू, एकही हलायला तयार नाही.

मग आयआरक्यू बदलायला जंपर. नखावर मावेल एवढा तो काळा तुकडा चिमट्याने उपसायचा आणि खोचायचा कुठं? कार्डावर नुसतं जेपी१, जेपी२, जेपी३. अर्थ मॅन्युअलमध्ये. मॅन्युअल रद्दीत. बिनजंपरचं घ्या म्हणे! त्याचं सेटिंग डॉस ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोग्रॅमने, प्रोग्रॅम फ्लॉपीवर, फ्लॉपीला बुरशी. ‘नेटवरून उतरवून घ्या की!’ अहो, नेटसाठीच तर हे कार्ड!

आपोआप सेटिंग करणाऱ्या ‘प्लग अँड प्ले’चं तर नावच काढू नका. ते आधी बंद करा, तेव्हा कुठं डॉसमध्ये कार्ड सुतासारखं सरळ येणार! एवढं जमल्यावर दिसतं, कार्डाच्या मागे फक्त जुन्या कोॲक्स केबलचं गोल बीएनसी तोंड. आता शोधा ती केबल, टी कनेक्टर आणि लाइनच्या दोन्ही टोकांना लावायची टोपणं, म्हणजे ५० ओहमचे टर्मिनेटर. एक निसटला की अख्खी लाइन आडवी.

वर शहाणे विचारणार, ‘नव्या पद्धतीच्या स्लॉटचं पीसीआय कार्ड का नाही टाकत?’ टाकतो ना. ह्या मदरबोर्डावर पीसीआयचा स्लॉट तेवढा दाखवा!