क्रीडांगण: आहे / नाही

सरकारी पोर्टलच्या म्हणण्यानुसार मी अजून दुसऱ्याच कॉलेजात शिकवतो आहे. ते कॉलेज सोडून मला जमाना झाला. तिथं मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होतो आणि शेवटच्या टर्मचं मानधन हातात पडेपर्यंत पुढची दिवाळी उजाडली होती. पैसे द्यायच्या वेळी मी कोण हे तिथं कुणाला आठवत नव्हतं, पोर्टलवर मात्र त्यांना मला सोडवत नाही. आमच्या कॉलेजच्या शिक्षकांच्या यादीत माझं नाव चढवायला गेलं की लाल ओळ येते: हे गृहस्थ अन्य संस्थेत आहेत. आणि ही यादी भरणारा नोडल ऑफिसर मीच!

फोन लावला. तिकडचा क्लार्क म्हणाला, "सर, अर्ज द्या. प्राचार्यांच्या शिफारशीनं."

"कुठल्या प्राचार्यांच्या?"

"तुमच्या."

"पण तुमच्या रेकॉर्डप्रमाणे माझे प्राचार्य तुमचेच आहेत ना?"

जरा वेळ पंख्याचा आवाज आला. मग तो संशयानं म्हणाला, "मग सर, तुम्ही कॉलेजला का येत नाही?"

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही ते सुखी आहेत. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उच्च शिक्षणाची एक अखिल भारतीय पाहणी असते. 2010-11 पासून दरवर्षी होते, ऑफिसात सगळे तिला 'आयशे' म्हणतात. देशातल्या प्रत्येक विद्यापीठानं आणि कॉलेजनं आपली पोरं, मास्तर, अभ्यासक्रम, निकाल, पुस्तकं, खोल्या असं सगळं कळवायचं. पूर्वी पीडीएफ उतरवून भरायची आणि पुन्हा चढवायची. 2020-21 पासून सगळं थेट वेबवर आलं, त्यामुळे आता लाइट गेली की तिच्याबरोबर आपली सकाळही जाते. हे काम माझ्याकडे यायचं कारण म्हणजे मी इतिहास शिकवतो. ज्याला सनावळ्या पाठ त्याला आकड्यांची काय भीती, असं आमच्या प्राचार्यांचं तर्कशास्त्र आहे.

त्या दिवशी मी ऑफिसात बसलो होतो, कारण स्टाफरूमचं नेट मेलं होतं. मुख्य लिपिक मॅडम कपाटातून रजिस्टरं काढून मला आकडे वाचून दाखवत होत्या. समोरच्या बाकावर एक काका होते. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, दोरीला लटकलेला चष्मा, मांडीवर नायलॉनची पिशवी. नातीचं बोनाफाइड न्यायला आले होते. बोनाफाइड देणारा माणूस चहाला गेला होता आणि आमच्याकडे चहाला गेलेला माणूस हा वेगळाच प्रवर्ग आहे, त्याला कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

"ग्रंथालयातली पुस्तकं, एक्केचाळीस हजार दोनशे," मॅडम म्हणाल्या.

"मोजली कधी?" बाकावरून आवाज आला.

मी वळून पाहिलं. काकांनी चष्मा चढवला होता.

"नाही, सहज विचारलं. सदतीस वर्षं सीडीएमध्ये काढली मी. डिफेन्स अकाउंट्स. आमच्याकडे एक्केचाळीस हजार दोनशे म्हटलं की फिजिकल व्हेरिफिकेशनची तारीख सांगावी लागायची. आणि खाली सही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीननं तारीख विचारली नव्हती.

"क्रीडांगण," मी वाचलं. "आहे की नाही?"

"आहे," मॅडम म्हणाल्या.

"कुठाय?" काका म्हणाले.

"मागे."

"मागे तर मी आत्ता स्कूटर लावून आलो."

"तेच, तेच मैदान आहे काका."

"मैदान आहे की पार्किंग आहे?"

"फॉर्ममध्ये फक्त आहे किंवा नाही एवढंच विचारलंय."

काकांनी पिशवीतून महावितरणच्या बिलाचं पाकीट काढलं, खिशातून टोपणाचं पेन काढलं आणि पाकिटाच्या पाठीवर काहीतरी टिपलं. माझ्या पोटात गोळा आला. काका विद्यापीठातून आलेत की मंत्रालयातून, असं क्षणभर वाटून गेलं. सीडीएतल्या माणसाची निवृत्ती फक्त कागदावर होते. पुण्यात अशी माणसं प्रत्येक सोसायटीत एकेक असतात, वार्षिक सभेत ताळेबंदाच्या चौथ्या पानावर बोट ठेवतात आणि चहा न पिता जातात.

"कॉमन रूम?"

"आहे."

"झेरॉक्स मशीन ठेवलंय ती?" काका.

"तक्रार निवारण व्यवस्था?"

"आहे," मॅडम जरा जोरातच म्हणाल्या आणि काकांकडे पाहत राहिल्या. काकांनी पेन टोपणात घातलं. तक्रार निवारण होतं ते असं.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि थेट माझ्या शेजारी येऊन बसले. "आमची नात यात कुठं येते?"

मी दाखवलं. एस.वाय.बी.ए., मुली, खुला प्रवर्ग.

"म्हणजे ती इथं शिकते असं तुम्ही दिल्लीला कळवणार."

"अर्थात. प्रवेश घेतलाय ना तिनं."

"अहो, पण ती इथं येते कुठं? सकाळी सातला नारायण पेठेत अभ्यासिकेत जाऊन बसते. यूपीएससी. दुपारचा डबा मी नेऊन देतो. तुमच्या वर्गात पाऊल टाकलं असेल तर दाखवा."

यावर मी काय बोलणार? दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी इतिहास शिकवतो तेव्हा समोर बाकंच जास्त असतात. पेठांतल्या निम्म्या अभ्यासिका कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या पटावरच्या पोरांनी भरल्या आहेत, हे पुण्यात पोळीभाजी केंद्रवाल्यालाही माहीत आहे. पोर्टलला नाही. पोर्टल हजेरी विचारत नाही, नोंदणी विचारतं.

"मस्टरवर आहे, ड्यूटीवर नाही," काका म्हणाले. "आमच्याकडे याला घोस्ट म्हणायचे. आणि चौकशी लागायची."

मी त्यांना समजावायला गेलो, इथंच फसलो. म्हटलं काका, या सगळ्याचा उपयोग होतो. यातून देशाचा जीईआर निघतो. 18 ते 23 वयाची जितकी लोकसंख्या, तिच्या शंभरामागे उच्च शिक्षणात किती जण. 2021-22 मध्ये 28.4 होता. एकूण विद्यार्थी 4.33 कोटी. 2035 पर्यंत 50 टक्के करायचाय, नव्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय.

"2021-22 चा कधी कळला?"

"2024 च्या जानेवारीत."

काकांनी पाकिटावर वजाबाकी केली. काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं बोलण्याहून वाईट होतं.

"बरं, अंश तुम्ही देता. छेद कोण देतं?"

"लोकसंख्या. 2011 च्या जनगणनेवरून पुढचा अंदाज काढतात."

"अंदाज?"

"2021 ची जनगणना झालीच नाही ना वेळेवर."

"म्हणजे वर घोस्ट आणि खाली अंदाज." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "आणि अंशात फक्त 18 ते 23 चेच धरता?"

"नाही. अंशात कुठल्याही वयाचा विद्यार्थी चालतो. वयाची अट छेदाला."

काकांचे डोळे चमकले. "म्हणजे मी या 76 व्या वर्षी एम.ए.ला नाव घातलं तर?"

"तुम्ही वर याल."

"आणि खाली?"

"खाली तुम्ही नसणार."

"मग निव्वळ फायदा देशाचाच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. एवढ्यात चहाला गेलेला माणूस उगवला. काकांनी बोनाफाइडआधी त्याला विचारलं, एम.ए.च्या फीमध्ये ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का. तो म्हणाला नाही. "मग वाढवा तुम्हीच टक्केवारी," असं म्हणून काका बोनाफाइडवरचं नातीच्या नावाचं स्पेलिंग तपासू लागले. चुकलेलं होतं.

जाता जाता दारातून विचारलंन, कॉलेजांच्या संख्येत पुणे जिल्हा देशात कितवा? म्हटलं बंगळुरू पहिलं, पुणं पहिल्या पाचांत. "पुणं पहिलं नाही? मग मोजताना चुकलंय," असं म्हणून ते गेले. सबंध सकाळीत त्यांनी पुराव्याशिवाय केलेलं हे एकच विधान.

हसायला ठीक आहे. पण काका गेल्यावर जो रकाना आला त्याला हसू येत नाही. मंजूर पदं किती आणि भरलेली किती. आमच्याकडे भूगोलाला एक कायम माणूस आहे आणि तो पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. संख्याशास्त्राला कुणीच नाही, तिथं एक मुलगी सीएचबीवर येते. सकाळी आमच्याकडे, दुपारी हडपसरला, संध्याकाळी क्लास. पीएच.डी. आहे, सेट आहे. जून ते एप्रिल तासाला अमुक रुपये, मे महिन्यात हवा. हे सगळं आम्ही दरवर्षी सरकारला सरकारच्याच फॉर्मात, सरकारच्याच पोर्टलवर कळवतो. सरकार दरवर्षी प्रमाणपत्र देतं की माहिती मिळाली. मग अधिवेशनात कुणीतरी प्रश्न विचारतं की राज्यात प्राध्यापकांच्या किती जागा रिक्त आहेत, आणि आम्हाला ईमेल येतो: रिक्त जागांची माहिती आज दुपारी चारपर्यंत विहित नमुन्यात पाठवा. मेल दोन पन्नासला आलेला असतो. एकदा त्या मेलला उत्तर म्हणून मी आयशेचा आमचा कोड पाठवणार होतो, त्यातच सगळं आहे बघा म्हणून. प्राचार्यांनी हात धरला.

देशात सुमारे 16 लाख शिक्षक उच्च शिक्षणात आहेत असं तो अहवाल सांगतो. त्यातले किती जण फॉर्म भरतायत ते वेगळं काढलं तर शिक्षक-विद्यार्थी प्रमाण भलतंच निघेल. या खेपेला आमच्या कॉलेजचं प्रमाण आणखी एकानं घसरलंय, कारण माझी सुटका शेवटपर्यंत झालीच नाही. मी दुसऱ्याच कॉलेजचं प्रमाण सुधारत राहिलो. ज्या कॉलेजनं मला मे महिन्यात कधी दमडी दिली नाही त्याचं.

बरं, आयशे एकटीच असती तरी चाललं असतं. आमच्याच इमारतीत अकरावी-बारावी भरते. ती कनिष्ठ महाविद्यालय, म्हणून शाळेत जमा, म्हणून यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या अशाच मोजणीत. तिथं कनिष्ठच्या कुलकर्णी मॅडम नळ, मुताऱ्या आणि पुस्तकं मोजतात. मैदान तेच. ते देशाच्या हिशेबात एकदा शाळेचं आहे आणि एकदा कॉलेजचं, आणि दोन्हीकडे त्यावर स्कूटर लागलेल्या आहेत. मग विद्यापीठाची संलग्नीकरण समिती. मग 2016 पासून क्रमवारी लावणारं एनआयआरएफ, त्यात तर लोकांचं आपल्याबद्दल मत काय यालाही गुण असतात. तिथं काकांना विचारलं नाही हे आमचं नशीब. आणि मग कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक. नॅकचं नुसत्या 'आहे'वर भागत नाही. तिथं डीव्हीव्ही नावाची पडताळणी असते. आहे म्हणता ना, मग दाखवा. कागद दाखवा, सही दाखवा, फोटो दाखवा, आणि फोटोसुद्धा जिओटॅगचा, म्हणजे अक्षांश-रेखांश छापलेला. काकांचं स्वप्नातलं खातं आहे हे.

म्हणून रविवारी सकाळी सातला मी, शिपाई पांडुरंग आणि वॉचमन मैदान रिकामं करत होतो. रविवार असला तरी आसपासच्या तीन सोसायट्यांच्या गाड्या रात्री आमच्याकडेच झोपतात. वॉचमननं शिट्ट्या मारून माणसं उठवली, शिव्या खाल्ल्या. एक ॲक्टिव्हा कुलूप लावलेली होती, मालक कोकणात. ती हलेना. मग तिच्यापुढे व्हॉलीबॉलचं नेट बांधलं, नेटपुढे जिमखान्यातला बॉल घेऊन पांडुरंगला उभं केलं. तो म्हणाला, सर, मी खेळाडू दिसतो का? त्याला टोपी काढायला लावली. दोन पोरं अभ्यासिकेत निघाली होती, त्यांना हाक मारून नेटच्या पलीकडे उभं केलं. एक जण माझ्याच वर्गातला निघाला. त्यानं मला ओळखलं नाही, कारण त्यानं मला कधी पाहिलेलंच नव्हतं.

फोटो झकास आला. ऊन कोवळं, नेट ताठ, बॉल हवेत. खाली ॲपनं तारीख छापली, वेळ छापली, अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर सहा आकड्यांपर्यंत छापले, आणि नकाशावरून उचलून जागेचं नावही छापलं: फ्री टू-व्हीलर पार्किंग.