सात दिवसांत अख्खा व्हिएतनाम पाहून होतो का?

दिवाळीच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की व्हिएतनामविषयीचा एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: देश चिंचोळा आणि आटोपशीर आहे, त्यामुळे हनोई, सापा, हा लाँगचा उपसागर, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह शहर आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश सात दिवसांत आरामात पाहून होतो, रात्री प्रवास केला की दिवस वाचतो, दा नांगजवळचा सोनेरी पूल पाहिला की मध्य भाग संपला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा सगळीकडे उत्तम असते, आणि व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. या भरवशावर लोक तिकिटे काढून मोकळे होतात, म्हणून प्रत्येक मुद्दा तपासणे आवश्यक वाटते.

देश चिंचोळा आहे हे खरे. सर्वांत अरुंद जागी त्याची रुंदी जेमतेम 50 किलोमीटर भरते. परंतु पर्यटकाला हा देश लांबीच्या दिशेने पार करायचा असतो, आणि ती लांबी सुमारे 1650 किलोमीटर आहे. हनोई ते हो ची मिन्ह शहर हा लोहमार्ग 1726 किलोमीटरचा असून त्यावरच्या जलद गाडीलाही तीस तासांहून अधिक वेळ लागतो. विमान दोन तासांत पोहोचते. पण विमानतळ गाठणे, तिथले थांबणे आणि पुढच्या शहरात खोली ताब्यात येणे हे सगळे धरले तर प्रत्येक उड्डाणामागे अर्धा दिवस जातोच. सात ठिकाणे आणि सात दिवस असा हिशेब मांडला की पाहण्यासाठी काय उरते, हे सांगायला नको.

रात्रीच्या प्रवासाचे उदाहरण उत्तरेतल्या सापा या डोंगरी गावाचेच घेऊ. हनोईहून निघालेली रेल्वेगाडी साधारण आठ तासांनी पहाटे लाओ काय येथे सोडते, तिथून सापा सुमारे 35 किलोमीटर घाटाने वर, आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी. अपुऱ्या झोपेचा हा भार सोबत ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले असतील तर पुढचे दोन दिवस जाणवतो. शिवाय छायाचित्रांतली पिवळीधमक भातखाचरे सप्टेंबरमधली असतात. दिवाळीपर्यंत तिथली कापणी उरकलेली असते.

सर्वांत घातक दावा मात्र हवामानाचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तरेसाठी खरोखरच चांगला काळ आहे: हनोईत उकाडा ओसरलेला असतो आणि आकाश बहुधा निरभ्र असते. मध्य किनाऱ्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. ईशान्येकडून समुद्रावरून येणारे वारे त्रुओंग सोन पर्वतरांगेला अडतात आणि हुए, दा नांग, होई आन या पट्ट्यात वर्षातला सर्वांत मोठा पाऊस याच महिन्यांत कोसळतो. होई आनची जुनी पेठ थु बोन नदीच्या अगदी काठावर असल्याने नदी फुगली की पाणी थेट घरांत शिरते. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस त्या गल्ल्यांतून होड्या चालवाव्या लागल्या. म्हणजे आपल्याकडची मोठी सुट्टी आणि तिथला पुराचा हंगाम एकाच वेळी येतो. मे महिन्यात चित्र पालटते: मध्य किनारा कोरडा असतो, ऊन कडक असले तरी समुद्र शांत असतो.

आणि मध्य भाग सोनेरी पुलावर संपतो, हे मला मुळीच मान्य नाही. तो पूल 2018 मध्ये उभा राहिला. होई आनपासून सुमारे 40 किलोमीटरवर मी सोन येथे चंपा या इथल्या प्राचीन राज्याच्या राजांनी शतकानुशतके बांधलेली विटांची शिवमंदिरे आहेत, तिथे संस्कृत शिलालेख आहेत. 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीने त्यांतली कित्येक उद्ध्वस्त झाली. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथे जतनाचे काम केले आणि त्याच कामात 2020 मध्ये नवव्या शतकातले अखंड वालुकाश्मी शिवलिंग सापडले. दा नांगच्या चाम (म्हणजे चंपाच्या लोकांच्या) शिल्पसंग्रहालयात मी सोनचा उभा गणपती आहे. महाराष्ट्रातून इतक्या दूर जाऊन तो न पाहता परतावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. हुएची तटबंदी, 1802 ते 1945 या काळातल्या न्युएन घराण्याची राजधानी, हिलाही स्वतंत्र दिवस हवाच.

व्हिसाविषयी थोडक्यात: भारतीय पासपोर्टधारकाने सरकारी संकेतस्थळावरून ई-व्हिसा आधीच काढावा. एकदा प्रवेशाचे शुल्क 25 डॉलर आहे. फू क्वोक बेटावर थेट जाणाऱ्यांना 30 दिवसांची सूट आहे, पण ती त्या बेटापुरतीच.

मग सात दिवसांत काय करावे? दिवाळीत जायचे असेल तर हनोई, त्याच्या दक्षिणेचे निन्ह बिन्ह आणि हा लाँग एवढेच घ्यावे. निन्ह बिन्हला ताम कोक येथे नावाडी मागे रेलून पायांनी वल्ही मारतात आणि होडी चुनखडीच्या डोंगरांखालच्या गुहांतून जाते. ते घाईत पाहण्यासारखे नाही. हो ची मिन्ह यांची समाधी हनोईत सकाळीच उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, तेव्हा वार पाहून दिवस ठरवावेत. मे महिन्यात हुए, दा नांग, होई आन आणि मी सोन हा संच घ्यावा. दोन आठवडे हाताशी असतील तरच उत्तर-दक्षिण प्रवास करावा, आणि तेव्हा हनोईत उतरून हो ची मिन्ह शहरातून परतीचे तिकीट काढावे.