सतराची घ्यावी की अठराची?

सेकंडहँड हिमालयन, म्हणजे बुलेटवाल्या रॉयल एनफिल्डची ती डोंगरातली मोटरसायकल, घ्यायचं ठरवलंत? अभिनंदन. आता निदान दीड-दोन वर्षं तरी तुम्हाला ती घ्यावी लागणार नाही.

नवखे इथेच घाई करतात. जातात, गाडी बघतात, एक चक्कर मारतात, ‘फायनल किती?’ विचारतात आणि पुढच्या रविवारी ताम्हिणीत भजी खात बसलेले असतात. त्यांना विचारा, कुठल्या वर्षाची घेतली, तर म्हणतात, ‘थांब, आरसीवर असेल.’ असल्या माणसाशी काय बोलणार? तुम्ही तसं करायचं नाही. तुम्ही आधी वर्ष ठरवायचं. गाडी काय, ती रस्त्यावर कुठेही उभी असते.

सुरुवात अर्थातच २०१६ पासून. त्या वर्षी मार्चमध्ये ही गाडी बाजारात आली. ४११ सीसीचं इंजिन, साडेचोवीस हॉर्सपॉवर, पाच गिअर, पुढे एकवीस इंची चाक आणि इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर हा शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली आणावा, घरातल्या थोरल्यांचं नाव घेतो तसा. ‘साधं काम रे. कुठल्याही गावातला मेस्त्री खोलतो, जेट साफ करतो, बसवतो.’ हे वाक्य पाठ करा, बरेच दिवस पुरेल. मग लगेच दुसऱ्या मित्राला फोन लावा. तो सांगेल की पहिल्या लॉटला हात लावायचा नसतो, गाडी कुठलीही असो. शिवाय २०१६ चं पासिंग म्हणजे पंधरा वर्षं २०३१ ला भरणार. आणि उंचावर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र कार्ब्युरेटर तेवढंच सोडतो, गाडी धापा टाकते. लडाखात खारदुंगलाला काय करशील? तुम्ही कोथरूडला राहता, रोज हिंजवडीला जाता, वाटेतली सगळ्यात उंच जागा म्हणजे चांदणी चौकातला पूल. पण प्रश्न खारदुंगलाचाच आहे.

म्हणून २०१७ कडे या. इथे मुक्काम लांबवा, कारण २०१७ चं मॉडेल नावाची एक वस्तू नाहीच, त्या दोन आहेत. मार्चच्या शेवटी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतल्या, गाड्या विकायच्या नाहीत. मग दोन दिवस देशभरातल्या दुचाकीच्या शोरूमांत सवलतींची जी झुंबड उडाली, ती भांड्यांच्या सेललाही उडत नाही. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली, नव्या नियमांतली बीएस-४ हिमालयन आली थेट सप्टेंबरात. तेव्हा विकणारा ‘सतराची आहे’ म्हणाला की चेहरा जराही न हलवता विचारायचं, ‘मार्चच्या आधीची की सप्टेंबरनंतरची?’ तो गोंधळतो. ‘दसऱ्याला घेतली होती,’ म्हणतो. त्या वर्षी दसरा ३० सप्टेंबरला होता, म्हणजे इंजेक्शनवाली असू शकते. या ‘असू शकते’वर एक आठवडा सहज निघतो. गाडी समोर उभी असते, जरा वाकून बघितलं तरी कळतं. वाकायचं नाही. वाकून कळलं तर मग घ्यावी लागते.

२०१८ चीही तीच गंमत. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, आलं वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे पूर्वार्धातली गाडी विना-एबीएस. १ एप्रिल २०१९ पासून तर सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्याच नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. हे ऐकून तुम्ही खूश झालात तर अजून तयार झाला नाहीत. कारण ते एबीएस बंद करायची सोय तेव्हा नव्हती, आणि खडीवर, चिखलात मागचं चाक थोडं सरकू द्यायचं असतं म्हणे. पोरं त्यावर सरळ एबीएसचा फ्यूज उपटून खिशात टाकायची. मागच्या चाकाचं एबीएस बटणाने बंद करता येईल अशी गाडी मिळाली २०२० च्या जानेवारीत, बीएस-६ बरोबर. दोन महिन्यांत लॉकडाउन लागला.

लॉकडाउनवाली गाडी हा तर खजिनाच. विकणारा अभिमानाने सांगणार, ‘फक्त सहा हजार चाललीय.’ तुम्ही मान हलवायची, डॉक्टर एक्सरे बघून हलवतात तशी. ‘म्हणजे उभीच होती. रबर कडक झालं असणार. बॅटरीचं तर विचारूच नका.’ उलट चाळीस हजार चाललेली निघाली तर ‘फार घासलीय.’ आणि वीस-बावीस हजारवाली, अगदी हवी तशी समोर आली तर? घाबरू नका. मीटरकडे बोट दाखवून नुसतं हसायचं.

पुढे २०२१ ला मीटरच्या शेजारी वाट दाखवणारी गोल तबकडी आली, ट्रिपर. २०२२ मध्ये चिपचा तुटवडा पडला म्हणून कंपनीने ती काढून घेतली. म्हणजे २०२१ ची गाडी २०२२ च्या गाडीपेक्षा नवी. हे वाक्य बायकोला समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका, मी पडलो होतो. २०२३ ची घ्यावी तर ती ४११ ची अखेरची, भावनिक किंमत जास्त. त्याच नोव्हेंबरात ४५० आली, चाळीस हॉर्सपॉवर, सहा गिअर, आणि इंजिन पाण्याने थंड होणारं. मग जुनेजाणते म्हणू लागले की खरी हिमालयन ४११ च. हेच लोक २०१६ ला तिच्याकडे बघून म्हणत होते की ही कसली बुलेट कंपनीची गाडी.

या बाबतीत आमचे सांगलीचे काका सगळ्यांच्या वरचे. त्यांच्या लेखी कास्ट आयर्न इंजिन बंद झालं त्या दिवशी मोटरसायकल हा विषय संपला. त्यांच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेशनची लीव्हर दाबून किक जरा खाली न्यायची, लीव्हर सोडायची आणि मग अंग टाकून मारायची. चुकली तर किक उलटी येते. काका अजून एका पायाने किंचित लंगडतात आणि ते लंगडणं गाडीच्या खात्यात जमा धरतात. मी फोन करून विचारलं, ‘काका, सतराची घेऊ की अठराची?’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, ‘लेका, बटणानं चालू हुतीया न्हवं? मग कुठलीबी घे. मिक्सरचं कोण साल बघतंय?’

सल्ला बाद. वर्षाचा उल्लेखच नाही त्यात.

आता प्रत्यक्ष गाडी बघायला जायचं कसं, तेही सांगतो. मी कर्वेनगरला एका सोसायटीत गेलो होतो. संध्याकाळची वेळ. पार्किंगच्या कोपऱ्यात खोळ घातलेली गाडी, खोळीवर मांजर झोपलेलं. मालक आयटीतला, सिंगल ओनर, एमएच-१२ पासिंग. खोळ काढली. दोन्ही बाजूंना पेट्रोलचे कॅन अडकवायची लोखंडी फ्रेम, पुढे प्रार्थनेच्या पताका, टाकीवर लेह-लडाखचा स्टिकर. विचारलं, कधी गेला होतात? ‘जायचं होतं,’ तो म्हणाला. पताका ऑनलाइन मागवल्या होत्या. गाडीचं तोंड मावळत्या सूर्याकडे, चावी फिरवली तर मीटरवरचं होकायंत्र म्हणत होतं उत्तर. ‘ते तसंच असतं,’ मालक म्हणाला. वरच्या गॅलरीतून त्याची बायको ओरडली, ‘दादा, घेऊन जा हो एकदाची! ती जागा मला ॲक्टिव्हाला हवीय.’

कुणीही माणूस इथे विरघळला असता. मी आरसी मागितली.

आरसीवर नोंदणी जानेवारी २०१९ ची. उत्पादनाचा महिना बघितला, डिसेंबर २०१८. बघा! म्हणजे ही अठराची की एकोणिसाची? विकताना तो एकोणिसाची म्हणणार, उद्या मी विकायला काढली की घेणारा अठराची म्हणणार. या एका महिन्यावर आम्ही पाऊण तास उभे होतो. चहा आला, संपला. मांजर परत सीटवर येऊन बसलं.

किरकोळ गोष्टी मी बघितल्या नाहीत, तुम्हीही बघू नका. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून धरा, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा, मधोमध खटकन अडकलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. थंड इंजिन चालू करून आवाज ऐका. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या चक्राचे, दात आकड्यासारखे वाकलेत का बघा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा फॉर्म ३५ मागा, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. हे सगळं दहा मिनिटांत होतं आणि त्यात गाडी चांगली निघायचा धोका असतो. वर्षाचं तसं नाही. वर्षावर कितीही बसता येतं.

मी त्याला म्हटलं, कळवतो. घरी येऊन एक्सेलमध्ये ओळ वाढवली, तेवीसावी. रकाना एक वर्षाचा, एक महिन्याचा, एक उत्पादन आणि नोंदणी यांतल्या फरकाचा. शुक्रवारी रात्री ठरलं, घेऊन टाकू. शनिवारी फोन केला. गाडी गेली होती. कोण घेऊन गेलं? ‘एक मुलगा आला होता नाशिकचा. दोन चाव्या आहेत का, एवढंच विचारलं त्याने.’

ती ओळ लाल केली. तुम्हीही एक्सेल करा, लागलं तर माझं पाठवतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१८ मधली, एबीएसवाली, त्याच वर्षी बनलेली आणि त्याच वर्षी पासिंग झालेली कुणाची असेल तर मात्र आधी मला कळवा.

दरम्यान हेल्मेट घेऊन ठेवायला हरकत नाही. दुकानात गेलात की आतलं अस्तर उचलून बघा, तिथेही महिना आणि वर्ष छापलेलं असतं.